न धरलेला महिना

तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपली, एवढंच खरं तर घडलं. शिवकन्येचा नवरा कचेरीतून दुपारच्या जेवणाला आला होता. टोपी खुंटीला अडकवून, पायांवर पाणी घेऊन तो पाटावर बसला आणि म्हणाला, "रुखसत मंजूर झाली बरं का." पंधरा दिवस ती रजेच्या या वाक्याची वाट पाहत होती. ते आलं तेव्हा तिनं तव्याकडे नेलेला हात क्षणभर तसाच राहिला, आणि तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "फकस्त तारीख सरकवली. आपन अकरा फरवर्दी लिवली होती, एकोनतीस दिली. साहेबांचा दौरा हाय, तवर कुनालाच सोडत न्हाईत. काय बिघडलं? अठरा दिवसांनी जाऊ." दाराशी लसूण सोलत बसलेल्या केसरबाईंनी, तिच्या सासूनं, विचारलं, "एकोनतीस म्हंजे कवा रे बापू? तुमचे कचेरीचे महिने मला कळत न्हाईत." "माघ वद्य सप्तमी." केसरबाईंनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. सातव्या पेरावर तो थांबला, तिथंच जरा रेंगाळला. "बसतंय सातव्यात. सहा दिस उरत्यात. पाच दिसांत माघारी आलं म्हंजे झालं. आठवा लागल्यावर पोटुशीनं नदी वलांडायची न्हाई, ध्यानात ठिव." मग त्या तव्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, भाकर! मन कुठं हाय तुझं?"

मन मोजत होतं. दुसरं काही त्याला येतच नसे. शिवकन्या लहान असताना उमापुरात सरकारनं पावसाचं माप बसवलं ते तिच्या बापाच्या, आश्रुबाच्या, मळ्याच्या कडेला; आश्रुबाला आकडे वाचता येत नव्हते, म्हणून शाळामास्तरांनी सात वर्षांच्या पोरीला काचेच्या नळीवरच्या रेघा वाचायला शिकवल्या. नळी डोळ्यांसमोर सरळ धरायची. पाण्याच्या कडा काचेला वर चढलेल्या असतात, त्या खोट्या. मधला खोलगट भाग जिथं आहे तीच खरी रेघ. हे तिला इतकं आवडलं होतं की लग्न होऊन बीडला आल्यावरही ती पेल्यातलं पाणी पिण्याआधी डोळ्यांसमोर धरायची, आणि केसरबाई म्हणायच्या, काय बघती गं, किडं पडल्यात का त्यात? आता तिच्या डोक्यात दोन नळ्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकीत केसरबाईंचा सातवा महिना, सुरू होऊन पाच दिवस झालेला. दुसरीत आठवा, तोही सुरू होऊन पाचच दिवस झालेला. दोन्ही एकाच दिवशी संपणार होते. पहिली नळी घरातले सगळे बघत होते. दुसरी तिच्याशिवाय कोणालाच दिसत नव्हती, कारण ती तिनंच लपवली होती.

जाण्याचं आधी सुचलं ते नवऱ्याला. त्याला वेरूळ बघायचं होतं. कचेरीतला कोणी एकजण जाऊन आला होता आणि त्यानं सांगितलं होतं की एकाच डोंगरात वरून खाली कोरत आणलेलं अख्खं देऊळ आहे, त्याला कुठं सांधा नाही. हे सांगताना तिचा नवरा हात वर करून बोटांनी हवा कोरत खाली आणायचा. वापरलेल्या सरकारी लिफाफ्याच्या पाठीवर त्यानं रस्ता काढला होता: बीडहून शहागडपर्यंत मोटार, तिथं गोदावरी नावेतून, पलीकडे दुसरी मोटार जालन्यापर्यंत, जालन्याहून आगगाडी दौलताबादला, तिथून टांगा. नदीची त्यानं नागमोडी रेघ काढली होती आणि तिच्यात एक होडी. होडीत दोन ठिपके होते. "दोघंच," तो म्हणाला होता, आणि मग मागं वळून आई ऐकत नाही ना ते पाहिलं होतं. "तिथं आपल्याला कोन वळखतं? बरोबरीनं चालू." लग्नाला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत ती त्याच्यामागून तीन पावलांवर चालली होती, देवळात, बाजारात, तिच्या माहेरच्या वाटेवर. त्याच्या पाठीवर शेरवानी कुठं विरलीय हे तिला पाठ होतं, पण चालताना त्याचा चेहरा कसा असतो हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. घर दोन खोल्यांचं, आणि मधल्या दारात केसरबाईंचं अंथरूण. मूल झालं की हेही संपेल, त्या आधी एकदा, असं त्याला म्हणायचं होतं. एवढं त्याला बोलता आलं नाही, त्यानं ठिपके काढले.

आईला त्यानं घृष्णेश्वर सांगितला. वेरूळला घृष्णेश्वर आहेच, त्यामुळे ते खोटं नव्हतं. घुष्मेचा मेलेला लेक जिथं तिला परत मिळाला त्या जागेला नको कोण म्हणेल. केसरबाईंनी त्याच दिवशी नारळ आणून ठेवला. आणि शिवकन्येनं त्या लिफाफ्यावरचं फक्त एक नाव वाचलं, जालना. जालन्याला मडमांचा दवाखाना होता. तिथं पोचल्यावर आगगाडीत बसायचं नाही हे तिनं ठरवलं होतं. कसं, ते ठरवलं नव्हतं. स्टेशनावर पोटात दुखतंय म्हणायचं, की टांग्यातच, की सरळ दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसायचं आणि उठायचं नाही. तो समोर उभा राहील, हातात पिशवी, पिशवीत नारळ, आणि त्याला कळणार नाही की ही सहल कधी त्याची नव्हतीच. हे चित्र मनात आलं की ती पटकन दुसरं काही काम हातात घ्यायची. पण काम चालू असताना पोटातलं मूल हलायचं आणि उजव्या बरगडीखाली तो गोल, टणक, बोटांनी ढकलला की जरासा डुलणारा भाग पुन्हा वर यायचा. ते डोकं होतं. डोकं तिथं असायला नको होतं.

पहिल्या वेळी तिला हे ठाऊक नव्हतं. पहिल्या वेळी ती उमापुरात होती, माहेरी, रीतीप्रमाणे. आठवा संपायला दहा दिवस होते आणि कळा सुरू झाल्या. आई, कौशल्याबाई, म्हणाली, लौकर आलं, येऊ दे. तीन दिवस गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक हात बाहेर आला, एवढासा, नखं असलेला, आणि सुईण म्हणाली की हात दिसला म्हणजे बाळ येतंय. त्या हाताचा रंग तिला आठवतो. तो कसा बदलत गेला तेही, कारण कोणीतरी तिच्या डोक्याखाली गोधडी घालून तिला उंच केलं होतं आणि तिला दिसत होतं. मुलगी होती. बीडला परत आल्यावर केसरबाईंनी तिला जवळ घेतलं, रडल्या, आणि मग विचारलं, "चैत्रात गिरान लागलं तवा तू सुई हातात धरली होतीस का?" तिनं धरली होती. पोलक्याचं बटण तुटलं होतं. तिनं हो म्हटलं, कारण तोपर्यंत ती विचारलेल्या गोष्टीला खरं उत्तर द्यायची. तेव्हापासून घरात त्या मुलीचा विषय निघाला की सुईचा निघायचा. कोणी रागानं नाही, सहज, हवापाण्यासारखा. नवराही एकदा म्हणाला होता, "जाऊ दे, तुला काय म्हाईत." त्यानं समजूत घालण्यासाठीच म्हटलं होतं. तिला वाटलं होतं, यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

म्हणून धोंड्याच्या महिन्याबद्दल ती खोटं बोलली. अधिक श्रावण होता. ती महिनाभर माहेरी, आणि जावयाला धोंड्याचं जेवण म्हणून तो तीन दिवस उमापूरला आलेला; ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा, मेहुण्यांची थट्टा. "दाजी, कचेरीत इतकं खायला घालत न्हाईत वाटतं!" "घालतेत की, पर ते पचत न्हाई बे," असं तो म्हणाला होता आणि सगळे हसले होते. तो महिना देवाचा. त्यात नवीन काही करायचं नाही, पेरायचं नाही, आणि नवराबायकोनं तर जपूनच राहायचं, हे कोणी कोणाला सांगत नाही इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. माडीवर तिसऱ्या दुपारी सगळी माणसं जेवून सुस्तावलेली असताना ते दोघं जपून राहिले नाहीत. तो निघून गेला. ती महिनाअखेरीची वाट पाहत राहिली आणि काही झालं नाही. बीडला आल्यावर केसरबाईंनी विचारलं, "म्हायेरी बाहेर बसली होतीस का गं?" त्यात काही काटा नव्हता, घरात देव होते, त्यांना माहीत असायला हवं होतं. पण शिवकन्येला सुई दिसली. या वेळी काही झालं तर सुईच्या जागी धोंडा असेल, आणि तो जन्मभर पुरेल. "बसले होते की," ती म्हणाली. "आमोशेच्या आधी दोन दिस." एवढंच वाक्य. केसरबाईंनी तिथून मोजायला सुरुवात केली. नवरा मोजतच नव्हता. बायकांच्या मोजण्यात पुरुषानं पडायचं नसतं, आणि त्याला वेळही नव्हता. तिला वाटलं होतं, एक महिन्याची गोष्ट आहे, शेवटी 'लौकर आलं' म्हणतील. लौकर येणं हा काही कोणाचा दोष नाही.

तेव्हा तिला डोक्याचं माहीत नव्हतं. ते कळलं मार्गशीर्षात, शेजारच्या वकिलांच्या विमलबाई जालन्याहून जिवंत मूल घेऊन परत आल्या तेव्हा. दोन गेली होती त्यांची. हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या आणि विमलबाई हळू आवाजात, जरा शरमून, सांगत होत्या की मडमेनं बाळ बाहेरूनच फिरवलं. पोटावर दोन्ही हात ठेवून, एक इकडून, एक तिकडून, कणीक फिरवावी तसं. "दुखलं का?" "दुखलं की. पर फिरलं. ती म्हणली, आठव्याच्या सुरुवातीला आलीस म्हनून जमलं. नववा लागला की आत जागा न्हाई उरत, मग हात लावून उपेग न्हाई." एक म्हातारी म्हणाली, "किरिस्तावाचा हात पोटावर! मग बाळ मराठी बोलंल का इंग्रजी?" सगळ्या हसल्या. विमलबाईही हसल्या, आणि मांडीवरच्या मुलाचं नाक पुसत राहिल्या. शिवकन्येला त्या पुसण्याकडे बघवत नव्हतं. तिनं घरी येऊन दार लावलं आणि पोटावर हात ठेवून पहिल्यांदा शोधलं, नेटानं, वरपासून खाली, जसं कोणी अंधारात भांडी ओळखावी. तेव्हा सगळं मऊ आणि फिरतं होतं. पौषात ते एका जागी राहू लागलं.

आता ती भांडी घासत होती आणि तिला समजत होतं की ती बरोबर मधोमध अडकली आहे. खरं सांगितलं, की हा आठवा, तर आजपासूनच नदी बंद. केसरबाई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत, आणि त्या वाईट आहेत म्हणून नाही, घाबरतील म्हणून. गप्प राहिलं तर एकोणतीस फरवर्दी. म्हणजे आठवा संपायला सहा दिवस. आणि पहिली वेळ दहा दिवस आधी आली होती. तिनं पुन्हा मोजलं, या वेळी उलटं, शेवटाकडून मागं. तेच आलं. आकडा बदलत नाही म्हणून एरवी तिला धीर वाटायचा. राखेनं तांब्या घासता घासता तिच्या लक्षात आलं की आपण तो कधीच घासून पालथा घातलाय आणि आता नुसतीच राख चोळतोय, स्वतःच्या हाताला.

तिसऱ्या प्रहरी बायडाबाई आली, तेल लावायला. दर आठवड्याला यायची. अर्ध्या बीडची पोरं तिच्या हातावर आली होती आणि ती प्रत्येकाचं नाव शिवीसकट सांगायची. केसरबाई समोर बसल्या. बायडाबाईनं तेल कोमट केलं, हात चोळले, पोटावर ठेवले, आणि तिची बडबड चालूच राहिली, कोणाची सून पळाली, कोणाची म्हैस गाभडली. फक्त हात थांबले. शिवकन्या छताकडे बघत होती. हात पुन्हा फिरले, ओटीपाशी वीतभर मोजून वर आले, बरगडीखाली त्या गोलावर टेकले. "केसरबाई," ती म्हणाली, "कितवा म्हनलात?" "सातवा. धोंड्यात बाहेर बसली होती म्हायेरी." "हां हां," बायडाबाई म्हणाली. "मोठं हाय. बापावर गेलंय जनू." "बापू जन्मला तवा पावशेराचा होता," केसरबाई म्हणाल्या आणि चहाचं आधण बघायला आत गेल्या. बायडाबाई वाकली. तिच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. "पोरी, मला येडी समजती का?" "मी न्हाई सांगत कुनाला. माज्या बापाचं काय जातं? पर हे बसलंय बघ कसं, मांडी घालून, पाटलावानी. खालचं डोस्कं वर. टायमाला मला बोलवतील. मी काय करू तवा? सांग की. हात घालून वढू?" आणि मग अचानक, रागानं, "रडू नकोस, तेल सांडतंय." ती रडत नव्हती. तिच्या कानशिलांवरून पाणी वाहत होतं, पण त्याला रडणं म्हणावं असं तिला वाटत नव्हतं. ते शरीरानं आपणहून चालवलेलं काम होतं, घामासारखं.

तिनं सकाळी सांगितलं. केसरबाई देवळात गेल्या होत्या आणि तो शेरवानीची बटणं लावत होता. तिनं ठरवलं होतं की आधी महिना, मग डोकं, मग मडम. पण तोंडातून निघालं ते सगळं एकदम आणि उलटं. "मला जालन्यालाच उतरायचंय. वेरूळला न्हाई यायचं मला. बाळ आडवंतिडवं हाय, उलटं हाय, तिथली बाई फिरवती. आन् हा सातवा न्हाई. आठवा हाय. मी आत्याबाईंना खोटं सांगितलं." त्यानं बटण सोडलं. "म्हंजे?" "मी धोंड्यात बाहेर बसले नव्हते." मग त्यानं उजवा हात वर केला आणि अंगठ्यानं पेरं मोजू लागला, ओठ हलवत: शहरेवर, मेहर, आबान. त्याला मराठी महिन्यांत मोजता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्यासाठी मोजत होता आणि ते कचेरीच्या महिन्यांत. बोटं संपली तेव्हा तो लाल झाला. "उमापूरला," तो म्हणाला. "माडीवर." "हां." "तू मला कावून न्हाई सांगितलं?" तिला सांगता आलं असतं की तुमच्या पोटात काही राहत नाही, तुम्ही आईला सांगितलं असतं. ती म्हणाली, "तुमी त्या होडीत दोन ठिपके काढले होते."

तो खाली बसला. ती उभीच होती. खाली बसलं की उठायला आता भिंत लागायची. बाहेर कोणीतरी बकऱ्या हाकत गेलं. त्यांच्या पायांचा आवाज पूर्ण विरेपर्यंत तिच्या मनात येत राहिलं की तो आता ओरडेल, किंवा देवळाकडे धावत जाईल, आणि दोन्हीपैकी काही झालं तरी आपल्याला थोडं बरंच वाटेल. "आज मोटार हाय," तो म्हणाला. "साडेधाला. मग शुक्रवारशिवाय न्हाई." केसरबाई देवळातून आल्या तेव्हा त्यानं त्यांना सांगितलं की निरोप आलाय, रजा बदलून आजचीच दिलीय. तिनं त्याला खोटं बोलताना प्रथमच पाहिलं. तो फार वाईट बोलत होता, शब्द अडखळत होते, आणि केसरबाईंना काही शंका आली नाही, कारण त्यांच्या मुलानं कधी खोटं बोलल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी घाईनं दशम्या बांधल्या, नारळ पिशवीत टाकला, सुनेच्या पदराला तांदूळ बांधले. "घुष्मेला सांग, आमची बी एक गेलीया," त्या म्हणाल्या आणि तिच्या पोटावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. त्या वेळी सांगून टाकावं, इथंच, असं शिवकन्येला इतक्या जोरानं वाटलं की तिनं जीभ दातांत धरली.

मोटार-अड्ड्यावर त्यानं तिला बायकांच्या बाकावर बसवलं, पिशवी पायाशी ठेवली, दोघांचं भाडं दिलं. मग तो उतरला. "मी आलोच. फकस्त दस्तखत घिऊन येतो." तिला आधी कळलंच नाही. "कसली?" "अगं, रजा एकोनतीसची हाय. आज न सांगता गेलो तर गैरहाजरी लागंल. सरिश्तेदारांना गाठतो, आई आजारी हाय म्हनतो, पाच मिनटांत येतो. कचेरी काय लांब हाय?" "नका जाऊ." "पाच मिनटं." तो धावत गेला, एका हातानं टोपी धरून. ती त्याच्यावर चिडली नाही. तिला दिसत होतं की त्यानं आज सकाळपासून जेवढं केलं तेवढं त्याच्या सगळ्या आयुष्यापेक्षा जास्त होतं, आणि आता त्याला एक सही हवी होती, नाहीतर त्याचे पाय मोटारीच्या पायरीवर चढलेच नसते.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मोटारवाल्यानं हँडल मारलं, इंजिन धडधडू लागलं आणि बाकाच्या फळीतून ती धडधड तिच्या पाठीच्या कण्यात चढली. "बाई, तुमचे मालक?" "येतेत." "शहागडला नाव दुपारी एकला सुटती. ती गेली की समदे नदीवर बसतेल." मोटारवाला आणखी थोडा थांबला, बिडी ओढली, विझवली. शेजारी मांडीवर पोर घेतलेली एक बाई होती. ती मघापासून शिवकन्येच्या पोटाकडे बघत होती. "कितवा गं बाई?" तिनं मायेनं विचारलं. शिवकन्येला उत्तर ठाऊक होतं, सहा महिने पाठ केलेलं. तिनं तोंड उघडलं. "आठवा," ती म्हणाली. बाईनं एकदम मांडीवरचं पोर उचलून दुसऱ्या अंगाला घेतलं. "आन् नदी वलांडती? अवो मोटारवाले, हिला आठवा हाय!" मागच्या बाकांवरचे पुरुष पुढं वाकले. कोणीतरी म्हणालं, उतरवा. मोटारवाला वळून बघू लागला. "बाई, नाववाला घेनार न्हाई तुमाला." "ते तिथं बघते," शिवकन्या म्हणाली. "तुमी चालवा. भाडं दिलंय." तिनं समोरची सळई दोन्ही हातांनी धरली होती आणि ती सळई कोणी सोडवू शकेल असं तिला वाटत नव्हतं. उतरायचं असेल तर अजून उतरता येत होतं. शुक्रवारची मोटार होती. शुक्रवारी तोही असता, सहीसकट. शुक्रवारपर्यंत गुपित बायडाबाईच्या पोटात राहिलं असतं, केसरबाईंच्या कानापर्यंत गेलं नसतं. पण या बाईचं माहेर बीडात असेल, तिचा भाऊ आत्ता खाली उभा असेल, आणि तो सांगेल. पोटात ते गोल डोकं बरगडीला घासून हललं. "चला," ती म्हणाली, "चला ना."

मोटार हलली, बाजारातून हळूहळू, हातगाड्यांना भोंगा वाजवत. कचेरीवरून रस्ता जात होता. तिनं कचेरी कधी नीट पाहिली नव्हती. पदर ओढून, मान खाली घालून तिच्यासमोरून गेलेली. आता ती उघड्या डोळ्यांनी बघत होती. लांब ओसरी, पांढरे खांब, मधोमध हिरवा पडदा लावलेलं दार, आणि पडद्यासमोर ओळीनं उभी असलेली सात-आठ माणसं, टोप्या नीट, हात पुढं बांधलेले. त्यांतली चौथी पाठ तिच्या ओळखीची होती. खांद्यापाशी विरलेली. ती पाठ तिनं घरात, वाटेवर कधी इतकी लहान पाहिली नव्हती. अजून तीन माणसं त्याच्या पुढं होती.

मोटार ओसरीच्या समोर आली. हाक मारायला हवी होती आणि तिच्याकडे हाक नव्हती. "अहो" म्हटलं तर रस्त्यावरचा प्रत्येक पुरुष वळला असता. चार वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, उखाण्यातसुद्धा पुटपुटून गिळलं होतं. ती सळई धरून अर्धी उठली. "सुंदरराव!" तिचा आवाज तिला पुरुषासारखा, घोगरा वाटला. मोटारीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. शेजारच्या बाईनं पोराचा कान झाकला. "सुंदरराव!"

त्यानं ऐकलं. त्याची मान ताठ झालेली तिला स्पष्ट दिसली. पण त्या नावानं त्याला या जगात एकाच ठिकाणाहून हाक येत असे, त्या पडद्याआडून. त्यानं घाईनं टोपी सरळ केली, पुढच्या तिघांना हातानं बाजूला सारत वाट काढली, पडद्यासमोर क्षणभर वाकला आणि आत गेला. पडदा मागं पडला. मोटारीनं पुलाकडे वळण घेतलं आणि वेग धरला.